वर्तुळ आणि वाट

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. पन्नासच्या आसपास कावळे दगावले, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि एच५एन१ विषाणूचे, म्हणजे बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातल्या किवळा गावी कोंबडीची पिल्ले मेली आणि तिथेही हाच रोग निघाला. दोन्हीकडे प्रशासनाने पहिले काम केले ते एकच. रोग सापडलेला बिंदू मध्यभागी धरून नकाशावर दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले आणि त्यातला भाग सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला. पोल्ट्रीतल्या बर्ड फ्लूसाठी केंद्र सरकारचा जो कृती आराखडा आहे, त्यातही पहिला एक किलोमीटर बाधित क्षेत्राचा आणि तिथून दहा किलोमीटरपर्यंतचा पट्टा निगराणीचा असतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याला ही वर्तुळे ओळखीची आहेत. आता ती संगणकावर काही सेकंदांत निघतात आणि आत येणाऱ्या गावांची यादीही आपोआप तयार होते.

दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर जमीन. लातूर जिल्हा सुमारे ७,१५७ चौरस किलोमीटरांचा आणि त्यात साडेनऊशेच्या आसपास गावे. म्हणजे एका वर्तुळात सरासरीने चाळीसेक गावे येतात. एवढ्या गावांतली प्रत्येक परसातली कोंबडी आणि प्रत्येक शेड तपासायची, तर तालुक्यातले पशुधन पर्यवेक्षक कित्येक दिवस त्यातच अडकणार. आणि तेवढ्या दिवसांत रोग कुठे असेल? जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला आणि पाठोपाठ अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत. या दोन गावांची वर्तुळे एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. उदगीर आणि किवळ्याचीही शिवत नाहीत. मधली कित्येक गावे कोरडी राहिली आणि रोग लांबच्या दुसऱ्या ठिकाणी उगवला. वर्तुळामागचे गृहीत असे की रोग चारी दिशांना सारख्या वेगाने, शेजारून शेजारी सरकतो. मराठवाड्यातल्या अलीकडच्या साथी पाहिल्या तर या गृहीताला फारसा आधार मिळत नाही. आपल्याकडे रोग प्रवास करतो तो रस्त्याने, बाजाराने, पाण्याने आणि पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाबरोबर. म्हणून रोगाच्या नकाशात बिंदूंइतक्याच ठळकपणे वाटा दिसायला हव्यात, आणि भौगोलिक माहिती प्रणाली, ज्याला आपण सरसकट जीआयएस म्हणतो, तिचा खरा उपयोग या वाटा मांडण्यात आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

रोगाच्या नकाशांचा विषय निघाला की लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचे नाव घेतले जाते. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीने थोड्याच दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मेली. स्नो यांनी प्रत्येक मृत्यू नकाशावर मांडला आणि बहुतेक खुणा एका सार्वजनिक पंपाभोवती दाटल्याचे दाखवले. गोष्ट बहुतेकदा इथेच संपवली जाते. पण स्नो यांच्या कामाचा कस लागला तो त्या गर्दीत न बसणाऱ्या दोन-चार प्रकरणांत. पंपाजवळच दारूची भट्टी होती, तिथले कामगार जवळपास सुखरूप राहिले, कारण भट्टीची स्वतःची विहीर होती आणि कामगार बीअरच पीत. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा पटकीने गेली. तिच्या घराभोवती साथ नव्हती. चौकशीत कळले की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडत असे आणि ते पाणी ती रोज आणवून घेई. वर्तुळ काढून पाहिले असते तर भट्टी आत आली असती आणि ती विधवा बाहेर राहिली असती. स्नो यांनी पुढे नकाशावर एक रेषा आखली, ती गल्ल्यांतून चालत जाताना कोणत्या घराला कोणता पंप जवळ पडतो हे दाखवणारी होती. सरळ अंतर न मोजता त्यांनी चालण्याचे अंतर मोजले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाताने केलेले हे काम आज संगणक रस्त्यांच्या जाळ्यावरून सहज करून देतो. तरी आपण पुन्हा परकारच उचलतो, याचे वाईट वाटते.

मराठवाड्यात या म्हणण्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा लम्पीने दिला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा हा विषाणू चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. ऑगस्ट २०२२ मध्ये तो जळगाव जिल्ह्यात आढळला आणि बघता बघता राज्यभर पोचला. चावरी माशी स्वतःच्या पंखांवर एका हंगामात खानदेशातून मराठवाड्यात येत नाही. तिला आणि विषाणूला आणले ते जनावरांनी, आणि जनावरांना आणले टेम्पोने. लागण झालेल्या जनावराला लक्षणे दिसायला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढ्या काळात निरोगी दिसणारा बैल दोन बाजार करून तिसऱ्या मालकाच्या दावणीला बांधला जाऊ शकतो. नांदेड आणि लातूर हे जनावरांच्या व्यवहाराचे जिल्हे आहेत. लाल कंधारी आणि देवणी या दोन नामांकित जातींची नावेच इथल्या तालुक्यांवरून पडली. हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार, लोहा तालुक्यातली माळेगावच्या खंडोबाची यात्रा, देवणी आणि उदगीरचे बाजार इथे कर्नाटक आणि तेलंगणातूनही गिऱ्हाईक येते. सुरुवातीला बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळात लस टोचायचे ठरले. पुढे सरकारने राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद केले आणि सर्वच गोवंशाचे लसीकरण हाती घेतले, म्हणजे वर्तुळ पुरेसे नाही हे मान्य केले. बाजारबंदी हा वाटेवर घातलेला घाव होता आणि तो योग्य होता, पण तो सरसकट होता. कोणत्या बाजारातून किती जनावरे कोणत्या तालुक्यात जातात याचा नकाशा आधी तयार असता, तर मोजके बाजार पहिल्याच आठवड्यात बंद करता आले असते, आणि ऐन हंगामात बैलजोडी विकून पैसा उभा करायला निघालेल्या शेतकऱ्याला राज्यभर कुलूप दिसले नसते.

माणसांच्या रोगात हाच प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण नकाशावरच्या बिंदूबरोबर ठपकाही येतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात सुमारे चार हजार यात्रेकरू अडकले. नांदेड शहरात पहिला कोरोना रुग्ण सापडायला एप्रिलचा उत्तरार्ध उजाडला. एप्रिलच्या अखेरीस यात्रेकरू बसने पंजाबकडे परतू लागले आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्यातल्या हजाराहून अधिक जणांच्या चाचण्या पंजाबात बाधित आल्या. मग दोन राज्यांत वाद सुरू झाला. लागण नांदेडला झाली, की दीड हजारांहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात, की घरी पोचल्यावर? नांदेडमध्ये गुरुद्वारा परिसरातल्या काही सेवेकऱ्यांनाही बाधा झाल्याचे पुढे आढळले, त्यामुळे उत्तर एका वाक्यात देणे शक्यच नव्हते. दोन्हीकडचे नकाशे मात्र एका वाक्यात बोलत होते. पंजाबच्या नकाशात हे रुग्ण पंजाबच्या जिल्ह्यांत दिसत होते आणि नांदेडच्या नकाशात ते नव्हतेच. प्रत्येक रुग्णाची नोंद एका ठिकाणाने न करता तीन ठिकाणांनी झाली असती, म्हणजे राहतो कुठे, गेल्या चौदा दिवसांत होता कुठे आणि चाचणी झाली कुठे, तर हा वाद आरोपांऐवजी तपासाने सोडवता आला असता. बस कुठे थांबल्या, कोणत्या बसमधले किती जण बाधित निघाले, ही माहिती वाटेच्या नकाशावरच बसते.

घराचा पत्ता, लागणीची जागा आणि नोंदीची जागा यांतला हा फरक रोजच्या कामातही पडतो. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळचे आणि तेलंगणातलेही रुग्ण येतात. रुग्णालयाच्या नोंदीवरून बिंदू मांडले तर नांदेड शहर कायम आजारी दिसेल. मुखेड, कंधार, जळकोट या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. क्षयरोगाचा नेहमीचा औषधोपचार सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास हंगामाएवढाच. रुग्ण नकाशावर मुखेड तालुक्यात असतो आणि प्रत्यक्षात सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडावर, पाचटाच्या खोपीत. क्षयरोगाच्या ‘निक्षय’ प्रणालीत रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवण्याची सोय आहे, पण कोणत्या गावातून कोणत्या कारखान्याला टोळ्या जातात हे आधीच ठाऊक असेल, तर ती सोय वेळेवर वापरता येईल.

वाट म्हणजे दर वेळी रस्ताच असेल असे नाही. ती पाण्याचीही असते. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. ते वर्ष टोकाचे होते, पण लातूरच्या नळाला आठवड्याने किंवा त्याहून उशिरा पाणी येणे हे कित्येक वर्षे चालत आले. पाणी उशिरा येते तेव्हा घराघरांत टिपाडे, रांजण आणि हौद भरून ठेवले जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण ज्या गल्लीत पाणी दहाव्या दिवशी येते, तिथल्या बाईने सातव्या दिवशी टिपाड ओतून कोरडे करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. हा डास फार तर काहीशे मीटर उडतो, त्यामुळे रोगाचे झुबके गल्ल्यांत दिसतात. तेव्हा डेंग्यूच्या रुग्णांच्या बिंदूंखाली महापालिकेच्या पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाचा थर घालायला हवा. रुग्ण सापडल्यावर त्याच्या घराभोवती धूर फवारणे हे वर्तुळाचे काम झाले. कोणत्या टाकीवरच्या कोणत्या वस्तीला सात दिवसांहून जास्त खंड पडतो ते शोधून तिथे आधी पाणी सोडणे किंवा झाकणे पोचवणे हे वाटेचे काम आहे. धूर विरतो, पाण्याचे वेळापत्रक मात्र पुढच्या पावसाळ्यातही तसेच राहते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की नकाशावर दोन गोष्टी जवळ दिसल्या की माणूस त्यांत कारण शोधतो, आणि वाटा काढायला बसले की कल्पनेला आणखी वाव मिळतो. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार झाला. भूकंपाच्या भीतीने लोकांनी घरे सोडली, आत धान्य राहिले, उंदीर माजले आणि प्लेग उफाळला, असा तर्क त्या वेळी मांडला गेला आणि आजही तो सांगितला जातो. तो ऐकायला पटतो. पण भूकंपाची सर्वाधिक झळ किल्लारी-सास्तूर भागाला बसली आणि मामला तिथून शंभरहून अधिक किलोमीटरवर आहे. मग रोगाची सुरुवात तिथे का झाली, या प्रश्नाला जवळिकीचा नकाशा उत्तर देत नाही. उत्तर हवे असेल तर विचारावे लागेल की मामल्यात धान्य कुठून आले, घरे किती काळ रिकामी होती, आसपासच्या रानउंदरांत हा जंतू आधीपासून होता का. म्हणजे आक्षेपाचा रोख जवळिकीकडे आहे, वाटेकडे नाही. वाट मांडली की ती तपासता येते. अमुक ट्रक अमुक दिवशी आला होता की नव्हता, याचे उत्तर हो किंवा नाही असे मिळते. दोन ठिपके शेजारी आहेत म्हणून काढलेला निष्कर्ष तपासायला जागाच ठेवत नाही.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. साथीच्या पहिल्या रात्री जिल्हाधिकाऱ्यांना आदेश काढायचा असतो. वर्तुळ निःसंदिग्ध असते, त्यात कोणते गाव येते यावर वाद होत नाही, न्यायालयात ते टिकते. वाटा शोधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रोग पुढे जातो. हे मान्यच करायला हवे. म्हणून पहिल्या रात्रीचे वर्तुळ राहू द्यावे. पण चौथ्या दिवशीही तेच वर्तुळ तसेच उभे असेल तर तपास झालेला नाही असे समजावे. कंत्राटी पोल्ट्रीत एकाच हॅचरीची पिल्ले अनेक तालुक्यांत वाटली जातात, खाद्याची गाडी एका फेरीत अनेक शेडना जाते, कोंबड्या उचलणारा टेम्पो आणि त्याचे पिंजरे शेडमागून शेड फिरतात. बाधित शेडवर आदल्या पंधरवड्यात कोणत्या गाड्या आल्या हे दोन दिवसांत कळू शकते. त्यावरून चाळीसपैकी तीस गावे मोकळी करता येतील आणि साठ किलोमीटरवरची पाच शेडे निगराणीखाली घेता येतील. वर्तुळ रेंगाळले की त्याची किंमत परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणारी बाई मोजते. तिचा त्या टेम्पोशी काही संबंध नसतो, तरी तिची अंडी कोणी घेत नाही.

तिसरा आक्षेप माहितीच्या दर्जाचा. मुळात गावाचा बिंदूच चुकत असेल तर वाटा कुठून काढणार? ज्या जानेवारीत उदगीरचे कावळे मेले, त्याच जानेवारीत पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोमची साथ सुरू झाली. दोनशेहून अधिक रुग्ण निघाले, त्यातले बरेचसे सिंहगड रस्ता, किरकटवाडी आणि नांदेड गावाच्या परिसरातले, आणि संशय तिथल्या पाण्यावर होता. हे नांदेड मुठेकाठचे. पत्त्यात नुसते ‘नांदेड’ लिहिलेली नोंद एखाद्या आज्ञावलीने गोदावरीकाठी नेऊन ठेवली तर बिंदू साडेतीनशेहून अधिक किलोमीटर चुकतो. खुद्द मराठवाड्यातही भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली, तरी जुन्या नकाशांत गावठाण जुन्याच जागी आहे. किनवट-मुखेडकडचे तांडे महसुली गावाच्या नावाखाली दडतात, मग तांड्यावरचा रुग्ण तीन किलोमीटर दूरच्या गावात मोजला जातो आणि तांड्याच्या हातपंपावर कोणाची नजर जात नाही. यावर उपाय महागडा नाही. प्रत्येक गावाला सरकारचा स्वतंत्र संकेतांक आहे, रुग्णाच्या नोंदीत नावाबरोबर तो आला पाहिजे. तांड्यांचे आणि वाड्यांचे अक्षांश-रेखांश आशाताईंच्या मोबाइलवरून एकदा नोंदवून घेता येतात. एप्रिल २०२१ पासून देशाची रोगनिगराणी नव्या संगणकीय मंचावर आली आहे आणि त्यात जागेची नोंद करण्याची सोय आहे. पूर्वीच्या साप्ताहिक तक्त्यांपेक्षा ही मोठी प्रगती आहे. मात्र आशाताईवर आधीच नोंदवह्यांचा केवढा भार आहे हे विसरून तिच्यावर आणखी एक रकाना लादू नये. नवा रकाना द्यायचा तर जुने दोन कमी करावेत आणि त्या कामाचे पैसे द्यावेत.

वाटा नोंदवायच्या म्हणजे माणसांवर पाळत ठेवायची का, हा प्रश्नही टाळता येणार नाही. २०२० मध्ये रुग्णांची नावे आणि पत्ते व्हॉट्सॲपवर फिरले, घरांवर फलक लागले, बरे होऊन आलेल्यांना गल्लीत कोणी बोलेना. त्या अनुभवानंतर लोकांनी माहिती लपवली तर दोष त्यांचा नाही. मला वाटते इथे दोन नकाशे वेगळे ठेवणे भाग आहे. घराघराचा बिंदू असलेला नकाशा फक्त साथरोग अधिकाऱ्याच्या हातात असावा आणि साथ संपली की पुसला जावा. लोकांसमोर जाणारा नकाशा गावाच्या किंवा प्रभागाच्या पातळीवरचा असावा. शिवाय या प्रकरणात सांगितलेल्या बहुतेक वाटा व्यक्तींच्या नाहीतच. जनावरांचा बाजार, पाण्याची टाकी, हॅचरीची गाडी, ऊसतोडीची टोळी, यात्रेच्या बस या सगळ्या सामूहिक वाटा आहेत. त्या मांडायला कोणाच्या खिशातल्या फोनचा माग काढावा लागत नाही.

आणि या वाटांची माहिती आजही कुठे ना कुठे कागदावर पडून आहे. बाजार समितीकडे जनावरांच्या पावत्या आहेत, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे झोननिहाय वेळापत्रक आहे, साखर कारखान्यांकडे मुकादमांचे करार आहेत, एसटीच्या आगारात फेऱ्यांचे तक्ते आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे आणि क्यूजीआयएससारखी आज्ञावली फुकट मिळते. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा बाधित भागांतल्या कित्येक वस्त्यांचे धड नकाशेच नव्हते, जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून रस्ते आणि घरे रेखाटून दिली, तीही साथ सुरू झाल्यावर. आपल्याला तशी घाई आज नाही. साथ नसलेल्या एखाद्या उन्हाळ्यात नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा वाटांचा नकाशा करता येईल. तो करताना देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवटची तेलंगणाकडची आणि उदगीर, देवणी, निलंग्याची बिदरकडची बाजू कोरी सोडून चालणार नाही. धर्माबादभोवती दहा किलोमीटर मोजले तरी त्यातला काही भाग तेलंगणात जातो, आणि बाजाराला येणारा बैल तर त्याहून कितीतरी लांबून येतो. त्यामुळे पहिली बैठक नांदेड, लातूर, बिदर, निजामाबाद आणि आदिलाबादच्या पशुसंवर्धन आणि आरोग्य अधिकाऱ्यांची व्हावी, आणि प्रत्येकाने येताना आपल्या हद्दीतल्या आठवडी बाजारांची यादी, वारासकट, सोबत आणावी.